नंबरी माणसं

जबलपूरच्या गोरखपूर बाजारात संध्याकाळी सगळ्या गाड्या सारख्याच वेगाने, म्हणजे जवळपास उभ्याच असतात. त्यांची प्रतवारी लावायला मग पाटी उरते. एमपी 20 सगळ्यांच्याच कपाळी. खरी जात पुढच्या चार आकड्यांत. 0001 असला की मालक मोठा. बेरीज 9 आली की भाग्यवान. 8055 असला की ‘बॉस’, मग घरी त्यांचं कुणी ऐको वा न ऐको.

एके काळी 214 ची वळणं जरा वाकवून पाटीवर ‘राम’ लिहीत, 4141 चा ‘पापा’ करत. नियमाला इंग्रजी अक्षरं आणि साधे आकडेच मान्य होते, पण भक्तीपुढे नियम कोण वाचतो? 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली आणि देव पुन्हा आकड्यांत गेले.

हौस मात्र गेली नाही. सरकारनेच ती लिलावात काढली. दुबईत 2023 साली ‘पी 7’ ही पाटी साडेपाच कोटी दिरहमला गेली. त्यामानाने आपले आकडेशौकीन काटकसरीच म्हणायचे.

आकडा लक्षात राहावा म्हणून पैसे मोजायचे, ही कल्पना तशी उत्तमच. चुकीच्या जागी गाडी लावली, सिग्नल तोडला, कुणाला धक्का देऊन पळ काढला, तर चहावाल्यापासून हवालदारापर्यंत सगळ्यांना तो तोंडपाठ असतो. गुन्ह्याचा पुरावा आगाऊ पैसे भरून स्वतःच्या गाडीला लावणारा नागरिक आणखी कुठे मिळेल?