शेवटचं काय ते बोला

मंडईत वीसची कोथिंबिरीची जुडी पंधराला मागणारा, आणि पंधराला मिळालीच तर ‘दहाला मागायला हवी होती’ म्हणून घरी येईपर्यंत हळहळणारा जो गृहस्थ असतो, तोच पुढे ऑनलाइन लिलावात उतरतो. उभी हयात भाव पाडण्यात गेलेली असल्यामुळे लिलाव हा आपल्या हातखंड्याचा विषय आहे, असं त्याला मनापासून वाटतं. फरक एवढाच, की मंडईत समोर भाजीवाली असते आणि इथे समोर त्याच्यासारखाच दुसरा गृहस्थ असतो. भाव पाडायला कोणी नसतंच. दोघांनी मिळून चढवायचा असतो. हे लक्षात यायला त्याला निदान एक बिल यावं लागतं.

या बोलीबहाद्दरांत पोटजाती आहेत. एक जण बँकांनी जप्त केलेल्या फ्लॅटच्या जाहिराती ‘जसे आहे, जेथे आहे’ या मंत्रासकट पाठ करतो. दुसरा सरकारी भंगाराच्या ई-लिलावात जीप शोधतो. तिसरा पंतप्रधानांना भेट मिळालेल्या वस्तूंच्या लिलावात एखाद्या पगडीवर नजर ठेवून असतो. आपल्याला गाठायचाय तो नाण्यांचा. मुंबई, बंगळूर, अहमदाबाद अशा शहरांत जुन्या नाण्यांचे लिलाव करणाऱ्या पेढ्या आहेत आणि आता त्यांची बोली घरच्या सोफ्यावरून लावता येते. या सोयीने किती संसारांत किती अबोले झाले, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

नाण्यांकडे तो वळतो तो इतिहासाच्या ओढीने नव्हे, व्हॉट्सॲपच्या. ‘वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं असेल तर लाखो रुपये मिळतील’ हा निरोप त्याला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर येतो. तिन्ही ग्रुप नातेवाइकांचे असल्याने अविश्वासाला जागा नसते. असल्या व्यवहारांत आमच्या नावाने कमिशन आणि कर मागणाऱ्या भामट्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर केलं होतं. तेही त्याने वाचलेलं असतं. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष असा : रिझर्व्ह बँकेला बोलावं लागलं, म्हणजे काहीतरी असणारच.

मग तो देव्हाऱ्यातला आजीच्या काळचा राणीछाप रुपया काढून चिंचेने लख्ख घासतो. जुनं नाणं घासलं की त्याची किंमत उतरते, हे त्याला नंतर कळतं. पण एव्हाना त्याने लिलावाच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, पॅन नंबर देऊन नोंदणी केलेली असते आणि कॅटलॉगची पीडीएफ मोबाइलमध्ये उतरलेली असते.

कॅटलॉगमध्ये त्याला शिवराई दिसते. तांब्याची पाच नाणी, एकच लॉट. खाली लिहिलेलं, अंदाजित किंमत १,५०० ते २,०००. हा लिलाववाल्याचा नुसता अंदाज. बोलीबहाद्दर मात्र त्याला एमआरपी समजतो, आणि एमआरपीच्या खाली वस्तू घेणं हा तर त्याचा जन्मसिद्ध हक्क. फोटो तो बोटांनी मोठा करत करत इतका मोठा करतो, की शेवटी पडद्यावर फक्त तपकिरी रंग उरतो. त्या तपकिरी रंगाकडे बराच वेळ बघून तो म्हणतो, “ओरिजिनल वाटतंय.”

वस्तू प्रत्यक्ष हातात घेऊन बघायची सोय असते. पाहणीचे दिवस आणि वेळा कॅटलॉगच्या पहिल्याच पानावर छापलेल्या असतात. परंतु त्यासाठी पुण्याहून मुंबईला जायचं, म्हणजे जायचं-यायचं तिकीट आणि वर दादरला वडा. हा खर्च तो वाचवतो.

आता खरी अडचण. या लिलावात एक साधी सोय असते. आपण जास्तीत जास्त किती देऊ, तो आकडा एका चौकटीत एकदाच भरायचा आणि खुशाल झोपायचं. यंत्र तो आकडा कोणाला दाखवत नाही. दुसऱ्याची बोली आली की आपल्या वतीने गरजेपुरतं एकेक पायरी चढतं आणि आपला आकडा संपला की थांबतं. समोरच्याने पंधराशेवर हात टेकले, तर आपण पाच हजार लिहिलेले असूनही वस्तू सोळाशेला मिळते. ईबेने ही रीत जगभर रुळवली. विल्यम व्हिक्री नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने तर संगणकावरचे लिलाव सुरू होण्याच्या कितीतरी आधी, १९६१ मध्ये, दाखवून दिलं होतं, की जिंकणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच पैसे मोजायचे असतील तर आपला खरा आकडा सांगून टाकणंच शहाणपणाचं. १९९६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकही मिळालं.

मिळालं असेल. पण व्हिक्रीसाहेबांनी कधी तुळशीबागेत खरेदी केली नव्हती. आपल्याकडे खरा आकडा सांगणं हा नुसता मूर्खपणा नाही, जवळजवळ आचरटपणा आहे. फ्लॅट बघताना बजेट एजंटला सांगायचं नसतं, मुंजीचं केटररला सांगायचं नसतं, आणि पगार तर सख्ख्या भावालाही पाच-दहा हजार कमी करून सांगायचा असतो. ‘शेवटचं काय ते बोला’ हे वाक्य आपण म्हणायचं आणि समोरच्याने घाम पुसायचा, ही आपली वहिवाट. इथे एक रिकामी चौकट उलट बोलीबहाद्दरालाच विचारते : तुमचं शेवटचं काय ते बोला. तो दचकतो. खरा आकडा लिहिला तर लिलाववाल्याला कळणार, मग तो मुद्दाम आपल्याला तिथवर नेऊन सोडणार! ही शंका अगदीच हवेतली नाही म्हणा. खोट्या बोल्या लावून भाव फुगवण्याचे प्रकार लिलावांच्या जगात झालेले आहेत. पण त्यावर उपाय म्हणून बोलीबहाद्दर जे करतो, ते रोगापेक्षा भयंकर असतं.

आंब्याच्या बाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून पेटीचा भाव ठरवण्याची जुनी रीत आहे. आकडा दोघांच्या बोटांतच राहतो, चारचौघांत फुटत नाही. ती चौकट म्हणजे हाच रुमाल. बोलीबहाद्दर तो रुमाल फेकून देतो आणि भर बाजारात एकेक बोट वर करत सुटतो.

लिलावाचा दिवस रविवारचा. कुठल्याशा व्हिडिओत त्याने ऐकलेलं असतं, की खरा खेळाडू शेवटच्या दहा सेकंदांत बोली लावतो. त्याप्रमाणे तो शांत राहायचं ठरवतो आणि लॉट बंद व्हायला पंचवीस मिनिटं असताना पहिली बोली लावतो. चालू बोली सोळाशे. याने सतराशे टाकले. बोट उचलायच्या आत पडदा सांगतो : तुमच्यापेक्षा वरची बोली आलेली आहे, अठराशे.

“बसलाय लेकाचा टपून!” बोलीबहाद्दर खुर्ची पुढे ओढतो.

एकोणीसशे. क्षणात दोन हजार. एकवीसशे. क्षणात बावीसशे. समोरच्याची चपळाई बघून याच्या कपाळावर घाम येतो. माणूस आहे का कोण? खरं तर समोर कोणीच नाही. तो दुसरा गृहस्थ सकाळीच चौकटीत तीन हजार लिहून, जेवून, पंखा पाचवर करून झोपलेला आहे. बोलीबहाद्दर गेली दहा मिनिटं एका घोरणाऱ्या माणसाशी लढतोय.

आतून बायको मेथीची जुडी घेऊन बाहेर येते.

“अहो, कुणाशी भांडताय एवढं?”

“माहीत नाही.”

“मग कशावरून?”

“अगं, पैशाचा प्रश्न नाहीये आता!”

हे वाक्य ज्या घरात उच्चारलं गेलं, तिथे लिलाव संपला असं समजावं. इथून पुढे शिवराई राहते बाजूला. प्रश्न उरतो तो एवढाच, की तो कोण कुठला आपल्याला हरवणार का? कोथिंबिरीच्या पाच रुपयांसाठी तीन गाळे फिरणारा हा माणूस दर बारा सेकंदांना शंभर रुपये उधळत असतो, आणि तेही काटकसरीच्या समाधानाने. कारण प्रत्येक वेळी त्याने वाढवलेले असतात फक्त शंभर. एकतीसशेला पडदा हिरवा होतो. सर्वांत वरची बोली तुमची आहे!

एवढ्यावर तो थांबेल तर शपथ. पाया पक्का करावा म्हणून तो स्वतःच्याच बोलीवर आणखी तेहतीसशेची बोली टाकतो. पडद्यावर एकतीसशेच दिसतात. बरोबरच आहे, आपलीच बोली ओलांडून भाव चढत नाही. नवा आकडा यंत्राने मुकाट खिशात ठेवलेला असतो. पण याला वाटतं, बोली कुठेतरी अडकली. तो पेढीच्या ऑफिसात फोन लावतो आणि तिथल्या मुलीला सांगतो, की तुमच्या सर्व्हरने माझे दोनशे रुपये खाल्ले. ती मुलगी रोज असे फोन घेत असावी. ती म्हणते, “सर, तुम्हीच लीड करताय. आता काही करू नका.” ‘आता काही करू नका’ हा त्या दिवसभरातला एकमेव मोलाचा सल्ला असतो आणि तो फुकट मिळालेला असल्यामुळे वाया जातो.

(ते दहा सेकंदांचं तंत्र वेळ ठरल्या ठोक्याला संपते तिथेच चालतं. अनेक ठिकाणी शेवटच्या मिनिटांत बोली आली की घड्याळ आपोआप पुढे सरकतं, म्हणजे शेवटचे दहा सेकंद येतच राहतात. व्हिडिओवाल्याने हे सांगितलेलं नसतं.)

लॉट लागतो. घरात पेढे येतात. दोन दिवसांनी बिल येतं. बोली ३,१००. त्यावर खरेदीदाराकडून घ्यायचा पेढीचा १५ टक्के प्रीमियम, ४६५. त्यावर कर. त्यावर विम्यासह टपालखर्च. बेरीज चार हजारांच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहते. हा प्रीमियम नियमावलीत ठळक अक्षरांत असतो, पण ‘मी नियम वाचले आहेत’ या ओळीपुढच्या चौकोनात बरोबरची खूण करण्यापलीकडे नियमांशी आपला संबंध कधी आलाय?

पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवलं जातं आणि त्या दिवसापासून त्या पाच नाण्यांना तीन किमती लाभतात. बायकोला सांगायची बाराशे. मित्रांना सांगायची : “घेतली चारला, पण आज आठच्या खाली कोणी देणार नाही.” तिसरी बँकेच्या पासबुकात असते आणि ते पासबुक कपाटात वरच्या खणात, स्वेटरांच्या खाली असतं.

कोणी विचारायची खोटी, की तो मखमली डबी उघडतो. “महाराजांच्या काळातली. हात लावून बघ. हे नाणं कदाचित खुद्द रायगडावर...” बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पुढे एकदा नाणेसंग्राहकांच्या बैठकीत एक वयस्कर गृहस्थ भिंग लावून नाणी उलटीपालटी करतात. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, सगळं जागच्या जागी. मग ते ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामधल्या दोन आडव्या रेघांवर नख ठेवतात. “दुदांडी आहे ही. पेशवाईच्या सुमाराची. महाराजांच्या पश्चातही त्यांच्याच नावाने शिवराई पाडत होते ना, दीडशे वर्षं.” आणि डबी परत देताना अगदी सहज, “जुन्या बाजारात मिळतात की. रविवारी नाहीतर बुधवारी जायचं. थोडी घासाघीस करावी लागते.”

घासाघीस! ज्या एका कलेत त्याचा हात धरणारा पेठेत कोणी नव्हता, ती जिथे चालते तो बाजार त्याच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर होता.

कोणालाही वाटेल, आता हा थंडावेल. तो विक्रीकडे वळतो. जी पेढी इतकी महाग विकू शकते, ती आपल्यासाठीही विकेल, हा त्याचा तर्क. तर्कात दोष नाही. विकणाऱ्याकडूनही पेढी कमिशन घेते एवढंच. ती पाचही नाणी पुढच्या लिलावाला जातात, सुरुवातीची बोली एक हजार. चार दिवस झाले तरी बोली हजारावरच रेंगाळते, तेव्हा बोलीबहाद्दराला झोप येईना. आपल्याच लॉटवर आपण बोली लावायला नियमांची मनाई. दुसऱ्याला उभं करून लावणंही त्यातच आलं. पण मेव्हणा म्हणजे काही ‘दुसरा’ नव्हे, घरचाच. चिंचवडला इंजिनिअर आहे. त्याला फोन जातो : “हे बघ, शंभर-शंभरने चढव, तीन हजारांपर्यंत ने आणि सोडून दे. समोरचा चेकाळला पाहिजे.”

मेव्हण्याची त्या दिवशी सेकंड शिफ्ट होती. शंभर-शंभरने चढवत बसायला वेळ कोणाला? शिवाय तो नियम वाचणाऱ्यांपैकी. त्याने चौकटीत तीन हजार लिहिले आणि कामावर गेला. समोरचा कोणी एक जण पंधराशेपर्यंत आला, चेकाळला बिकाळला नाही, आणि निघून गेला.

रात्री फोन वाजला.

“दाजी, अभिनंदन! लॉट आपल्यालाच लागला. आणि तीन हजार कसले, सोळाशेतच सुटला. बिल आलंय, प्रीमियमसकट. तुम्हाला पाठवतो. पार्सल ऑफिसवर मागवू ना? आणि ताईला कितीला सांगायचा, तेवढं आधी ठरवून ठेवा.”