क्षणभंगुरतेचा बंदोबस्त

जगातील यच्चयावत् वस्तू नश्वर आहेत, हे तत्त्व आपल्या ऋषिमुनींनी अरण्यात बसून, कोणत्याही वेळापत्रकाविना सांगितले. जपान्यांनी मात्र तेच तत्त्व एका फुलाच्या स्वाधीन केले आणि त्या फुलाच्या पाठीशी सरकारचे हवामानखाते उभे केले. ते फूल साकुराचे, म्हणजे चेरीचे. टोकियोत यासुकुनी देवस्थानाच्या आवारात त्याचे एक मुक्रर केलेले झाड आहे. खात्याचे अंमलदार तेथे जातीने जाऊन फुले मोजतात, आणि पाच-सहा फुले उमललेली दृष्टीस पडली म्हणजे राजधानीत बहर रुजू झाल्याचे जाहीर होते. चार फुलांवर होत नाही. पुढे ऐंशी टक्के कळ्या उमलल्या की दुसरी द्वाही फिरते, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत सारा कारभार मातीस मिळतो. झाडांनाही या शिस्तीचे वावडे नाही. कारण जिकडेतिकडे लावलेली सोमेई योशिनो ही जात केवळ कलमांनी वाढविलेली असल्यामुळे ती लक्षावधी झाडे वस्तुतः एकाच झाडाची अंगे आहेत, आणि एका गावातील सारी मंडळी एकदम फुलतात नि एकदम गळतात. मतभेद नावाची चीज त्यांच्यात नाही.

क्योटोचे दफ्तर तर फारच पुरातन. दरबारी मंडळींच्या रोजनिश्या चाळून तेथील बहराच्या तारखा इ. स. 812 पासून हुडकून काढण्यात आल्या आहेत. 1409 सालचा 27 मार्चचा बहर सर्वांत लवकरचा म्हणून सहाशे वर्षे निर्वेध नांदला, आणि 2021 साली 26 मार्चलाच फुले पूर्ण उमलल्याने एका दिवसाच्या फरकाने पदच्युत झाला. पृथ्वी तापत चालल्याचा हा पुरावा शास्त्रज्ञांना चिंताजनक वाटतो, तो योग्यच; परंतु ज्याने विमानाची तिकिटे एप्रिलच्या पहिल्या आठवड्याची काढली आहेत, त्याची चिंता अधिक निकडीची असते.

सुदैवाने आम्ही उभयता पोचलो तेव्हा फुले हजर होती. अडचण निघाली ती पायांत. हात देवापुढे जोडलेले आणि चित्त चपलांपाशी, ही आम्हां महाराष्ट्रीयांच्या भक्तीची परंपरागत बैठक. पण जपानी देवळांत जोडे लाकडी फडताळात ठेवले म्हणजे परत येईपर्यंत ते तेथेच असतात, त्यामुळे चित्ताला गुंतायला जागा न उरून ते सैरावैरा धावू लागते. शिवाय माझ्या बुटांना नाड्या होत्या. दर देवळाच्या पायरीवर मी ओणवा होऊन गाठ सोडवीत असता, टाचेच्या एका झटक्यासरशी पादत्राणांतून मुक्त झालेल्या पाऊणशे वयमानाच्या एखाद्या आजीबाई, मला ओलांडून जाणे अशिष्ट म्हणून, कमरेत लवून मागे तिष्ठत राहत. आणि मीही वाकलेलाच असल्यामुळे आमचा प्रदीर्घ नमस्कार-चमत्कार चालला आहे, असा पाहणाऱ्यांचा समज होई.

क्योटोतील रिओआन्जी या झेन देवळाच्या पाषाणोद्यानात पांढऱ्या खडीवर दाताळ्याने रेघा ओढलेल्या आहेत आणि पंधरा पाषाण असे मांडले आहेत, की ओसरीवर कोठेही बसा, एक तरी दुसऱ्याच्या आड राहतोच. मनुष्याला पूर्णत्व एका दृष्टिक्षेपात गवसत नाही, असा त्याचा अर्थ जाणकार लावतात. (मूळ रचनाकाराने स्वतः काहीच सांगून ठेवलेले नाही, यातच त्याचे शहाणपण.) सौभाग्यवतींनी मात्र रीतसर मोजणी आरंभिली.

"अहो, चौदाच भरतात."

"चौदाच भरायचे असतात."

"मग तिकीट पंधरांचं का घेतात?"

या प्रश्नाचे उत्तर झेन पंथात असल्यास मला ठाऊक नाही. तेवढ्यात, तेल मिसळून मळलेल्या मातीच्या त्या जुन्या भिंतीवरून ओणवलेल्या साकुराची एक पाकळी गिरकी घेत खाली आली, खडीच्या रेघेत आडवी पडली, आणि ओसरीवरील समस्त मुमुक्षूंचे कॅमेरे एकसमयावच्छेदेकरून तिच्यावर रोखले गेले. इतक्या साक्षीदारांसमक्ष निर्वाण खुद्द बुद्धालाही लाभले नसावे.

तोजी देवस्थानात मात्र आम्हांस घरचे माणूस भेटले. तेथील नवव्या शतकातील मूर्तिसंचात चतुर्मुख ब्रह्मदेव हंसांवर विराजमान आहे आणि चिलखत ल्यालेला, हाती वज्र घेतलेला इंद्र हत्तीवर एक पाय खाली सोडून ऐटीत बसला आहे. आपल्याकडे कोणी जरा तपाला बसला की ज्याचे आसन डळमळते, अप्सरा धाडण्यापलीकडे ज्याला उपाय सुचत नाही आणि ज्याचे स्वतंत्र देऊळ धुंडाळू गेल्यास पाय मोडायचे, त्या देवेंद्राने परमुलखात धर्मरक्षकाची कायम नोकरी पत्करून जवळजवळ बाराशे वर्षे ती बिनतक्रार बजावली, हे पाहून माझा ऊर भरून आला. सौभाग्यवतींनी हात जोडले. म्हणाल्या, "इकडे येऊन तेज चढलंय हो अंगावर."

देवळाच्या खिडकीपाशी घडीची वही पुढे केली, की कुंचल्याने देवाचे नाव नि तारीख लिहून, वर तांबडे शिक्के उमटवून, शाई डागाळू नये म्हणून मध्ये कागद घालून ती परत करतात आणि तीन-पाचशे येन घेतात. दर्शनाचा असा शिक्कामोर्तब झालेला दाखला मिळत असता, चित्रगुप्तापुढे नुसत्या तोंडी जबानीवर विसंबण्यात काय हशील?

साकुराच्या फुलांपुढे वैराग्य उपजते म्हणतात, त्याला इतिहासाचा फारसा दुजोरा नाही. शेतकऱ्याच्या घरातून वर येऊन अवघा जपान टाचेखाली आणणाऱ्या हिदेयोशीने 1598 साली क्योटोच्या दाइगोजी देवळात साकुराची सातशे झाडे आणून लावविली, तेराशेच्या सुमारास पाहुणे, तेही बहुतेक स्त्रियाच, जमविले आणि त्यांच्याकडून एका सोहळ्यात दोनदा वस्त्रे बदलविली. त्याच वर्षी तो निवर्तला. रयतेने यातून बोध घेतला तो एवढाच, की खाणेपिणे वेळीच उरकून घ्यावे. म्हणून आजही वरिष्ठांची मैफल सायंकाळी जमेपर्यंत जागेचा कब्जा राखण्यासाठी एखादा नवशिका कारकून सकाळपासून निळ्या ताडपत्रीवर बसविलेला आढळतो. त्याच्या डोक्यावर पाकळ्या पडत असतात आणि तो घड्याळ पाहत असतो.

क्योटोतील फुले गळू लागली तेव्हा बाकावर बसून मी नश्वरतेविषयी काही उन्नत विचार करण्याच्या बेतात होतो. परंतु त्याचीही तजवीज या देशाने करून ठेवली आहे. बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो आणि होक्काइदोत पोचेपर्यंत बहुधा मे महिना उजाडायला येतो. त्यामुळे ज्याच्यापाशी आगगाडीचा पास आहे, त्याला क्षणभंगुरता चांगली महिनाभर लांबविता येते.

"अहो," सौभाग्यवती नकाशावरून मान वर न करता म्हणाल्या, "हिरोसाकीला अजून नुसत्या कळ्या आहेत म्हणे. तिथे किल्ल्याच्या खंदकात पाकळ्यांचा थर साचतो. तुमचा पास कधीपर्यंत चालतो?"

मी मुदत पाहिली. दुर्दैवाने ती शिल्लक होती.