समन्वयक साहेबांच्या चरणी, एका दिवाणजीचे खुले पत्र

माननीय समन्वयक साहेब,
पूर्वानुभव मूल्यमापन कक्ष



सर्वप्रथम आपले आभार. आपण माझ्या बी.कॉम.च्या अर्जाची फाइल इतक्या वेळा परत पाठवलीत, की आपल्या कार्यालयातला शिपाई आता मला न विचारता खुर्ची देतो. आडतीच्या गाळ्यावर आयुष्य काढलेल्या बारावी पास माणसाला कॉलेजात एवढा मान कुठे मिळतो?

२०२३ साली राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. कामावर मिळवलेले ज्ञानही तपासून त्याला क्रेडिट द्यावे, असे त्यात आहे. आपण त्यातला ‘तपासून’ हा शब्द मनापासून पाळलात. पुढचे शब्द वाचायला आपल्याला सवड झाली नसेल, कामाचा व्याप मोठा.

आपण मागितलेत: जिथे शिकलात तिथला अभ्यासक्रम, तासिकांचे वेळापत्रक आणि शिकवणाऱ्याची शैक्षणिक पात्रता. मी धाकट्या शेठना विचारले. ते म्हणाले, “पहाटे चारला गाड्या लागतात, हे लिही वेळापत्रक.” मला खतावणी शिकवली थोरल्या शेठनी, ते चौथी शिकलेले. खरे तेच लिहिले. आपण त्यावर लाल शाईत ‘अपात्र’ असा शेरा मारलात. कैलासवासी माणसालाही नापास करण्याचा हा मान आपल्याकडेच राहो.

अनुभवाचा दाखला लेटरहेडवर हवा होता. आमचे लेटरहेड म्हणजे पट्टीबुक, शेतकऱ्याला विक्रीच्या हिशेबाची पट्टी फाडून देतो ते. त्यावर ‘कांदा, बटाटा, लसूण’ छापलेले पाहून आपण किंचित हसलात. आपल्या चेहऱ्यावर काही उमटलेले मी प्रथमच पाहिले, धन्य झालो.

तासांचे म्हणाल तर तीस तासांना एक क्रेडिट, वर्षाची चाळीस, म्हणजे १,२०० तास. आकडेमोड आमचा धंदाच, म्हणून मीच मांडून दिली. यार्डात एवढे तास दिवाळीच्या वहीपूजनापासून गुढीपाडव्यापर्यंत सहज भरतात. शिवाय अनुभवाची वर्षे वाढतील तसे श्रेयांकांचे वजनही वाढते, पार दुपटीपर्यंत. आपण मूळ आकडाच शून्य धरलात आणि माझे गुणाकाराचे कष्ट वाचवलेत.

माझ्या कामाचे वर्णन आपण ‘किरकोळ लिपिक स्वरूपाचे काम’ असे केलेत. चार शब्दांत एवढे मावते, हे मला ठाऊक नव्हते. २०१६ च्या जुलैत सरकारने फर्मान काढले, की फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची. यार्डात बंद झाला, घोषणा झाल्या. तो मिटल्यावर पट्टी नव्याने मांडायची वेळ कोणावर आली? गोणी, वजन, भाव जागच्या जागी. हमाली, तोलाई, घेतलेली उचल वजा. आणि आडतीचा रकाना तेवढा उचलून खरेदीदाराच्या बिलात न्यायचा. त्यात बंदच्या आधी आलेल्या मालाची बाकी जुन्या हिशेबाने. पट्टी हातात घेऊन समोर उभा राहिलेला शेतकरी रुपयासुद्धा सोडत नाही, आणि का सोडावा? हा धडा जिरतो न जिरतो तोच, पुढच्या १ जुलैला जीएसटी आला. ताजा कांदा करमुक्त, शेठच्या भावाच्या सुक्या मेव्यावर कर, आणि दोन्ही दुकानांच्या वह्या माझ्याच टेबलावर. शिकवायला कोणी आले नाही. हे सगळे किरकोळ, हे मला आपल्यामुळे कळले.

तरी मी हट्ट धरला नाही. म्हटले, फुकट काही नको, परीक्षा घ्या. महिन्याच्या कच्च्या पावत्या टेबलावर ओता, संध्याकाळपर्यंत तेरीज जुळवून देतो. आपण किती प्रांजळपणे म्हणालात, “अशी परीक्षा घ्यायला आमच्याकडे प्रत्यक्ष व्यवहारातला तज्ज्ञ नाही हो.”

साहेब, आहे. आपल्याच दप्तरात आहे. गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाने एम.कॉम.ची मुले कार्यप्रशिक्षणाला आमच्या गाळ्यावर पाठवली. १२० तास, चार क्रेडिट. पोरे गुणी, पण शेतकऱ्याला दिलेली उचल सरळ खर्चात टाकत होती. ती शेतकऱ्याच्या नावे लिहायची आणि पट्टीतून वळती करायची, हे त्यांना कोणी सांगितले? शेवटी मूल्यमापन पत्रकावर ‘उद्योगातील तज्ज्ञ मार्गदर्शक’ म्हणून सही माझी होती. ती आपल्याला चालली, पोरांना चारही क्रेडिट मिळाली. त्याच सहीचा माणूस बी.कॉम.चा अर्ज घेऊन आला, तेव्हा आपण त्याला पहिल्या सत्राचा लेखाशास्त्राचा विषय सुचवलात. जमा-नावे म्हणजे काय, इथपासून. वर त्याच्या आधीच्या सेतू वर्गाची फी वेगळी. माझा पाया कच्चा राहू नये ही आपली कळकळ मी समजू शकतो. एम.कॉम. शिकवायला कच्चा पाया पुरतो, हेही त्यानिमित्ताने समजले.

यंदाची मुले सोमवारपासून येत आहेत, असे आपल्या सहीचे पत्र मिळाले. जरूर पाठवा, फक्त गाड्यांची वेळ त्यांना सांगून ठेवा. एक छोटी शंका आहे. मूल्यमापन पत्रकात ‘मार्गदर्शकाची शैक्षणिक पात्रता’ असा रकाना असतो. गेल्या वर्षी आपण फोनवर म्हणालात, “तो कोरा ठेवा, आम्ही बघून घेऊ.” यंदाही कोरा ठेवू, की आपणच आधी भरून पाठवता?

कळावे, लोभ आहेच, तो वाढवू नये.

आपला कृपाभिलाषी,
एक दिवाणजी, मार्केट यार्ड