माशांचा सोमवार

फणसवाडीतल्या आमच्या चाळीत आजवर कुणी उपाशी राहिलेलं नाही. एखाद्या घरातली बाई माहेरी गेली, की मागे राहिलेल्या नवऱ्याला दोन्हीकडून डबे येतात आणि तो आठवड्यात जाड होतो. अशा ठिकाणी मासे पाळणं जिकिरीचं. टाकीतले मासे उपासमारीने क्वचितच मरतात. मरतात ते पाहुणचाराने.

टाकी आणताना पहिला प्रश्न वजनाचा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत ५६ लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसतं पाणीच ५६ किलो. काच, वाळू, स्टँड धरून पाऊणशेच्या घरात. लाकडी तुळयांवर उभ्या असलेल्या चाळीत हे ओझं खोलीच्या मधोमध ठेवत नाहीत. भिंतीलगत, दोन-तीन तुळयांवर वाटून ठेवतात. तसं ठेवलं. तरी खालच्या मजल्यावरचे अण्णा वर बघत जेवायला लागले.

दुसरा प्रश्न धीराचा. पाणी भरलं की लगेच मासे सोडायचे नसतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते त्यातल्या त्यात सोसवतं. हे सगळे कामकरी फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूत नांदायला लागेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. तोवर टाकीत चिमूटभर खाणं टाकून त्यांना पोसायचं.

‘‘मासे कुठायत?’’ गॅलरीतून येणारा-जाणारा विचारी.

‘‘आधी जिवाणू वाढवतोय.’’

दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत या बातमीचं ‘त्यांनी घरात रोगजंतू पाळलेत’ असं झालं, आणि आमच्याकडे वाटीभर साखर मागायला येणं बंद पडलं.

मग मासे. वास्तूवाल्यांनी आठ सोनेरी आणि एक काळा सांगितला. पण गोल्डफिश खातो भरपूर आणि घाण करतो तीही भरपूर. एवढ्याशा टाकीत नऊ म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत उतरलेलं वऱ्हाड. म्हणून गप्पी आणले. डासांच्या अळ्या खायला पालिका विहिरींत सोडते, तेच हे. काटक जात. शिवाय पिल्लंच घालतात, तीही वरचेवर, त्यामुळे बारशाच्या चौकशा सुरू झाल्या.

पाण्याचं म्हणाल, तर मरीन ड्राइव्हवर १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालय उघडलं, तेव्हा त्याच्या दारात अख्खा अरबी समुद्र होता. आमच्या दारात पिंप. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन माशांनाही सोसत नाही आणि त्या जिवाणूंनाही. म्हणून बादली दिवसभर उघडी ठेवायची, नाहीतर क्लोरिन मारणारे थेंब टाकायचे. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं. सगळं एकदम कधीच नाही, आणि स्पंज नळाखाली धरायचा नाही; टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. ते पाणी तुळशीला घातलं की तुळस माजते. पण चाळीत भरलेली बादली दिवसभर नुसती ठेवून देणं म्हणजे चैन! ‘‘वापरत नसाल तर घेऊ का?’’ हा प्रश्न मोरीच्या दारातून येतोच.

हे सगळं निभावलं. निभेना ते खाणं. दोन मिनिटांत संपेल एवढंच घालायचं, कारण उरलेलं कुजतं आणि पुन्हा अमोनिया. पण काच वाजवली की मासे तोंड उघडून वर येतात, आणि शेजारच्या काकूंना भुकेलं तोंड बघवत नाही. आज पोळीचा चुरा, उद्या बालाजीच्या देवळातला प्रसाद. पाणी गढूळलं. मी अमोनियाचं सगळं रामायण ऐकवलं. ‘‘अरे, मुकी जित्राबं ती,’’ म्हणून काकूंनी ते निकालात काढलं.

शेवटी धर्माचा आधार घेतला. आठवड्यातून एक दिवस लंघन माशांना मानवतं, हे खरंच आहे. म्हटलं, ‘‘काकू, आज सोमवार. त्यांचा उपास असतो.’’

काकूंनी हात जोडले. मी निर्धास्त बाहेर पडलो. संध्याकाळी येऊन बघतो तर टाकीच्या तळाशी साबुदाणा.

‘‘काकू! उपास होता ना त्यांचा?’’

‘‘म्हणून तर खिचडी घातली. मिरची काढून.’’ मग माझा चेहरा बघून त्यांना शंका आली. ‘‘का रे, निर्जळी होता की काय?’’