एसएमबी-एक, आता आमचं घर सोड

एसएमबी आवृत्ती एक यास,

तुला नमस्कार नाही आणि ‘प्रिय’ही नाही. हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण तुझा अपराध इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नावावर खपला आहे. सेट-टॉप बॉक्सवर संगणकातला फोल्डर उघडला नाही, की सांगलीच्या विश्रामबागेपासून साताऱ्याच्या गोडोलीपर्यंत बोलणी कोण खातं? वायफाय खातं, केबलवाला खातो, घरातला जो पोरगा संगणकाला शेवटचा हात लावून गेला तो खातो. तुझं नाव कुणीच घेत नाही. टीव्हीच्या पडद्यावर ते येतच नाही ना! तिथे येते ती रिकामी यादी, नाहीतर ‘सर्व्हर सापडला नाही’ एवढंच.

म्हणून आधी लोकांना तुझी ओळख करून देतो. एका संगणकावरची फाइल दुसऱ्याला नेटवर्कवरून वाचता यावी म्हणून आयबीएममधल्या बॅरी फायगेनबॉम यांनी १९८३च्या सुमारास तुझ्या घराण्याचा पाया घातला. कामाची गोष्ट होती, मान्य. त्या काळी नेटवर्क म्हणजे एका कचेरीतली, एकमेकांवर विश्वास असलेली यंत्रं. वाटेत कुणी फाइल वाचू नये म्हणून ती सांकेतिक करून पाठवायची सोय तुझ्यात कधी आलीच नाही. विंडोज व्हिस्टाच्या वेळी, २००६ साली, दुसरी आवृत्ती आली. २०१२ मध्ये विंडोज ८बरोबर तिसरी आली आणि तिने एन्क्रिप्शन आणलं. तेव्हा तरी तू बाजूला व्हायचंस. तू चिकटून राहिलास.

आणि मग २०१७ उजाडलं. तुझ्यातलं भगदाड बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिलं होतं. त्या भगदाडातून आत शिरायचं हत्यार, इटर्नलब्लू, एप्रिलमध्ये जगजाहीर झालं. १२ मेला फाइलींना कुलूप लावणारा वॉनाक्राय हा विषाणू पसरला, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. हे लांबचं वाटत असेल तर २७ जून आठव. त्या दिवशी नॉटपेट्या या विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीला गाठलं आणि तिच्याच समूहाचं, आपल्या न्हावा-शेवाच्या बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया ठप्प झालं. कंटेनरची कामं हाताने करायची वेळ आली. मर्स्कला पुढे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. सगळं पाप एकट्या तुझं आहे असं मी म्हणणार नाही, त्या विषाणूने चोरलेले पासवर्डही वापरले. पण तुझ्यातून जाणारी वाट त्याला मोकळी मिळाली, हे तू नाकारू शकत नाहीस.

त्यानंतर तुला हाकलायला सुरुवात झाली, आणि योग्यच झालं. ऑक्टोबर २०१७च्या विंडोज १०पासून, नव्याने बसवलेल्या संगणकात तुझी सर्व्हरची बाजू मुळातच नसते. दुसऱ्या यंत्रावरच्या फाइली मागणारी बाजू होम आणि प्रोमध्ये ठेवली होती खरी, पण पंधरा दिवस कुणी वापरली नाही तर ती आपोआप निघून जायची. बॉक्सला लावलेली हार्ड डिस्क संगणकावरून गेल्या महिन्यात दिसत होती आणि आता दिसत नाही, यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. लिनक्सच्या जगात तुझंच काम करणाऱ्या सॅम्बा या सॉफ्टवेअरनेही २०१९च्या ४.११ आवृत्तीत तुला मुळातच बंद ठेवलं.

तरीही आमच्या घरातल्या सेट-टॉप बॉक्सच्या काळ्या डबीत तू बसलेलाच आहेस. तिच्यातल्या मूळ ॲपला तुझ्याशिवाय काही येत नाही. बनवणाऱ्याने तुला एकदा आत भरलं, बॉक्स विकला आणि पुन्हा अपडेट म्हणून दिलं नाही. तुझा हा पाठीराखाही तुझ्याइतकाच दोषी आहे.

तू नेमकं काय अडवलंस ते ऐक. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फूट ओलांडले. आईच्या घरातले अल्बम भिजले. त्यातून जे वाचले ते फोटो धाकट्या भावाने एकेक सुटा करून वाळवले, स्कॅन केले. आजोबा, आत्याचं लग्न, मिरजेच्या दर्ग्याजवळ काढलेला मावशीचा एक फोटो. आईला मोबाइलवर चेहरे ओळखू येत नाहीत, टीव्हीवर येतील, एवढीच इच्छा होती. फोल्डर शेअर केला. संगणक जागा होता, बॉक्सही जागा होता, आणि दोघांच्या मध्ये तू आडवा पडला होतास.

याहून मोठा राग मला तुझ्यामुळे दिल्या जाणाऱ्या सल्ल्यांचा आहे. दुरुस्तीवाला येतो, कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ‘एसएमबी १.०’च्या चौकोनात टिक करतो, फायरवॉल बंद करतो, फोल्डर ‘एव्हरीवन’ला पूर्ण हक्काने देऊन टाकतो. फोटो दिसतात, घरचे खूश होतात, तो पैसे घेऊन जातो. पाहुण्याला पुढचं दार उघडता येत नाही म्हणून मागच्या दाराची कडीच काढून ठेवण्याचा हा प्रकार आहे. अरे, त्याच संगणकावर जीएसटीची रिटर्नं असतात, बेदाण्याच्या सौद्याचे हिशेब असतात, मुलांच्या मार्कशीट असतात! तासगावच्या एखाद्या व्यापाऱ्याच्या सगळ्या फाइलींना एका रात्रीत कुलूप लागलं, तर त्याला भरपाई तू देणार आहेस?

तुला घरात न घेताही काम होतं, हे तुझ्या देखत सांगतो. आधी दोन्ही यंत्रं एकाच नेटवर्कवर आहेत का ते बघायचं. बॉक्स राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वायफायवर असेल तर त्याला संगणक सहसा दिसणारच नाही. मग संगणकातलं नेटवर्क ‘पब्लिक’ असेल तर ‘प्रायव्हेट’ करायचं. राउटर बदलला की ही सेटिंग पुष्कळदा उलटते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. संगणकाचं नाव यादीत नसेल तर आयपी पत्ता हाताने घालायचा, आणि तो रोज बदलू नये म्हणून राउटरमध्ये पक्का करायचा.

पासवर्डपाशी बहुतेक घरं अडतात. विंडोज उघडताना आपण जो पिन टाकतो तो त्याच संगणकापुरता असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. खात्याचा खरा पासवर्डच लागतो. त्याहून बरं म्हणजे संगणकावर ‘टीव्ही’ नावाचं वेगळं खातं काढायचं, त्याला स्वतःचा पासवर्ड द्यायचा आणि फोटोंच्या फोल्डरवर फक्त वाचायचा हक्क द्यायचा. बिनपासवर्डाच्या गेस्ट प्रवेशावर आता विसंबू नये. २०२४च्या विंडोज ११ प्रोने तो मुळातच बंद केला आहे, आणि नव्या जोडणीत प्रत्येक निरोपावर डिजिटल सहीही मागितली जाते.

एवढं करूनही बॉक्स अडला तर त्यातलं मूळ ॲप सोडून द्यायचं. अँड्रॉइडचा बॉक्स असेल तर त्यावर कोडी हे ॲप बसवता येतं. त्याच्या सेटिंगमध्ये कमीत कमी कुठली एसएमबी आवृत्ती चालेल ते ठरवता येतं. तिथे दोन निवडायची, तुझं नावच उरत नाही. तेही जमलं नाही तर फोटो पेन ड्राइव्हवर घालून बॉक्सला लावायचे. आईकडे आम्ही शेवटी कोडीच बसवलं. फोटो आले. तुझ्या चौकोनात टिक केली नाही.

साताऱ्यात पोवई नाक्यावर आणि सांगलीच्या बाजारात तुझ्याच भरवशावर चालणारे बॉक्स अजून कुणी विकत असेल, तर माझ्या ओळखीचा प्रत्येक माणूस आता पैसे देण्याआधी विचारणार आहे, ‘एसएमबी दोन किंवा तीन चालतं का? दुकानातच लावून दाखवा.’ दाखवता आलं नाही तर तो बॉक्स तुझ्यासकट काउंटरवरच राहील.

तुझ्यावर जराही दया नसलेला,
एक सातारकर