मेंदीचा हात

भोसरीपासून चाकणपर्यंत सध्या एक हात फार लिहितो आहे. डावा, कोपरापर्यंत मेंदी, मनगटात हिरवा चुडा. हा हात डीपीला लावलेल्या कवयित्री निगडीत आहेत, तळवड्यात आहेत, चाकणला तर दोन आहेत. सगळ्यांच्या तळव्यावरचा मोर तोच.

हातामागचे गृहस्थ वाचकांच्या ओळखीचे आहेत. मिशी राखलेले, क्वालिटीत बोल्टचे आटे तपासणारे. बाई होण्यामागचं त्यांचं कारण शुद्ध उत्पादनवाढीचं. स्वतःच्या नावानं गझल टाकली की चार जण मात्रा मोजायला बसतात. तीच गझल मेंदीखाली टाकली की काफिया आपोआप जागेवर येतो. ‘वाह मॅडम’, ‘निःशब्द’, तीन गुलाब, आणि रात्री साडेअकराला इनबॉक्समध्ये ‘जेवलात का?’ पुढे निगडीची मेंदी तळवड्याच्या मेंदीला लिहिते, ‘ताई, बाईचं दुःख बाईलाच कळतं.’ दोघी कंपनीच्या एकाच बसनं सेकंड शिफ्टला जातात, शेजारी बसून तंबाखू मळतात आणि एकमेकींना ओळखत नाहीत. महिला दिनाच्या कविसंमेलनाचं बोलावणं आलं की हाताच्या सासूबाई आजारी पडतात. पुरस्कार मिळालाच तर शाल घ्यायला ‘भाऊ’ येतो. भाऊ दोन शब्द बोलतानाही बहिणीचीच गझल म्हणतो, तोंडपाठ, आणि शेवटच्या शेराला त्याचाच कंठ दाटतो.

जाब विचारला की हे परकायाप्रवेश सांगतात. थेट आळंदीचा दाखला देतात. ज्ञानेश्वरांच्या नावावर विराण्या आहेत, बाईच्या तोंडच्या. पलीकडे देहूत तुकोबांच्या गाथेतही आहेत. खरंच आहे. पण त्या विराण्यांखाली नाव विरहिणीचं नसतं, मुद्रा ज्ञानदेवांची आणि तुकोबांची असते. ‘माउली’ हे तर लोकांनी दिलं. ते कुणी डीपीला लावून मिळवलं नव्हतं.

नाव लपवायला हरकत नाही. 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालती बेडेकर, ‘विभावरी शिरूरकर’ या नावाआड होत्या. पुस्तकानं एवढी खळबळ उडाली की ही बाई कोण, याचा शोध सुरू झाला. त्यांना जे खरं ते लिहायचं होतं, म्हणून आडोसा लागला. आजही चाकणच्या असेंब्ली लाइनवरची एखादी मुलगी पुरुषाच्या नावानं लिहीत असेल, तर ते ‘जेवलात का?’ टाळण्यासाठी. मेंदीवाल्यांना तोच प्रश्न हवा असतो.

आणि हीच मंडळी नाशिक फाट्याच्या सिग्नलला काच वर करतात. बाहेर उभी असलेली तृतीयपंथी व्यक्ती स्वतःचं जे नाव सांगते, ते यांना ‘नाटक’ वाटतं. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. तरी 2019 च्या कायद्यानं तिला ओळखपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायला लावलाच, आणि 2020 च्या नियमांनी वर शपथपत्रही मागितलं. मिशीवाल्यानं एका रात्रीत तीन बायका व्हावं, ना अर्ज ना शपथ. आणि जी जन्मभर आपण बाई आहोत असं सांगते आहे तिनं कागद घेऊन रांगेत उभं राहावं! परकायाप्रवेशाच्या गप्पा मारणाऱ्यांना हिची स्वतःची काया तेवढी पटत नाही.

तेव्हा संमेलनवाल्यांनो, यंदा एखाद्या तृतीयपंथी कवयित्रीला बोलवा. पत्रिकेवर ती सांगेल तेच नाव छापा, आणि मानधन रोख द्या. शाली भावाकडे पुष्कळ आहेत.