पांढऱ्याचा तह

भिंगारजवळ 1490 साली मलिक अहमदने बहमनी फौजेला धूळ चारली आणि निजामशाहीचा पाया पक्का झाला. राज्याचं एका लढाईत भागलं. त्याच भिंगारमध्ये आज हॉलच्या चार भिंतींचा रंग ठरवायचा, तर तह होता होत नाही.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. भिजवलेला चुना, त्यात डिंक आणि चिमूटभर नीळ. दिवाळीच्या आत घर लख्ख. आता दुकानदार शेडकार्ड उलगडतो आणि त्यात एकट्या पांढऱ्याचीच भावकी निघते.

"हा जरा पिवळट वाटतो का हो?"

"छान आहे की," मोबाइलमधून मान वर न काढता उत्तर येतं. संपलं. रंगाचा विषय थेट माहेरापर्यंत पोचतो.

मग फिनिश. मॅटमध्ये भिंतीचे उंचवटे झाकले जातात, पण नातवाचा तेलकट पंजा पुसायला जावं तर डाग दुप्पट पसरतो. चकचकीत रंगावरचा डाग ओल्या फडक्याने निघतो, पण पुट्टीवाल्याची प्रत्येक हयगय ट्यूबलाइटखाली चव्हाट्यावर येते. म्हणून सुज्ञ माणसं मधलं सॅटिन घेतात. दोन्ही तक्रारी निम्म्या-निम्म्या पदरात पडतात.

गच्चीतून झिरपणाऱ्या ओलीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. ती कार्डात नसते ना! पावसाळ्यात ती आपली शेड स्वतःच निवडते.

अखेर एकमत होतं ते ऑफव्हाइटवर. पहिलाच पाहुणा चहा पिता पिता भिंतीकडे बघतो आणि आपुलकीने विचारतो, "मग, रंग कधी देताय?"